स्वस्त मदरबोर्डचा इतिहास, व्हाया रिठद

२००२ ते २००८ च्या दरम्यान ज्यांनी घरी असेंबल्ड संगणक घेतला, त्यांना दुकानदाराने लिहून दिलेलं ते कोटेशन नक्की आठवत असेल. दुकानाचं नाव छापलेला पॅड, त्यावर बॉलपेनने खरडलेल्या आठ-दहा ओळी. पहिली ओळ प्रोसेसरची: पेंटियम ४, २.४ गिगाहर्ट्झ. मग २५६ एमबी रॅम, ४० जीबी हार्डडिस्क, १७ इंची मॉनिटर, आणि सगळ्यात शेवटी स्पीकर आणि माऊसपॅड फ्री. मधेच कुठेतरी एक ओळ असायची: "मदरबोर्ड - इंटेल चिपसेट".

सगळी गंमत त्या एका ओळीत होती.

बाजारात तेव्हा दोन जातींचे बोर्ड मिळायचे. एक "ओरिजिनल", म्हणजे इंटेलने स्वतःच्या नावाने विकलेला, निळ्या खोक्यातला, तीन वर्षांच्या वॉरंटीचा. दुसरा "चिपसेट", म्हणजे बोर्ड कुणा दुसऱ्याचाच, त्यावरची मुख्य चिप तेवढी इंटेलची. दोघांत हजार-दीड हजाराचा फरक पडायचा. "साहेब, दोन्ही एकच, आत इंटेलच आहे" हे वाक्य आपल्यापैकी निम्म्या लोकांनी तरी ऐकलं असेल. वाक्य खोटं नव्हतं, हीच त्यातली खुबी. एखाद्या घराला अमुक कंपनीचं सिमेंट वापरलं म्हणून ते घर त्या कंपनीने बांधलं असं होत नाही, तसंच हे. पण कोटेशन वाचणाऱ्या वडिलांना हे कोण सांगणार?

प्रोसेसरला आकडा असतो, रॅमला असतो, हार्डडिस्कला असतो. शेजाऱ्याकडे ४० जीबी असेल तर आपण ८० घ्यायची, हे कुणालाही समजतं. १९९१ पासून इंटेलने 'इंटेल इनसाइड'ची जाहिरात करून लोकांना प्रोसेसरचं नाव विचारायची सवय लावली. बोर्डाला मात्र असा मिरवायचा आकडा नाही. त्यामुळे संगणक दोन हजारांनी स्वस्त करायचा म्हटलं की कात्री चालायची ती बोर्डावर (आणि एसएमपीएसवर, त्याच्याकडे पुढे येतोच). ही कात्री गेल्या तीस वर्षांत कुठे कुठे चालली ते आज लिहायचं आहे. निमित्त आमच्या गावाकडून आलेल्या एका फोनचं. गाव रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम.

त्याआधी थोडं मागे जाऊ, पटकन.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ ला आपला 'पीसी' जाहीर केला तेव्हा घाई इतकी होती की बहुतेक सुटे भाग त्यांनी बाजारातलेच उचलले आणि तांत्रिक पुस्तिकेत बोर्डाची अख्खी सर्किटं छापून टाकली. बायोस तेवढा कॉपीराइटमध्ये होता. कॉम्पॅकने तो स्वच्छ पद्धतीने नव्याने लिहिला, आणि १९८४ मध्ये फिनिक्स नावाच्या कंपनीने तसाच बायोस कुणालाही विकायला सुरुवात केली. त्याच वर्षी आयबीएमचा 'एटी' आला. त्याच्या बोर्डाची लांबी-रुंदी, स्क्रूची भोकं, स्लॉटची जागा हे सगळं पुढे जगाचं माप झालं. मग चिपसेट आले. बोर्डावर पूर्वी डझनावारी सुट्या चिपा लागत, त्यांचं काम चार-पाच चिपांत बसवलं गेलं. आता बोर्ड बनवायला आयबीएम असण्याची गरज उरली नाही. चिपसेट विकत घ्या, बायोसचा परवाना घ्या, मापात बोर्ड कापा. तैवानमध्ये गिगाबाइट आणि एमएसआय १९८६ साली निघाल्या, ईसीएस १९८७ साली, आणि १९८९ मध्ये एसरमधून बाहेर पडलेल्या चार इंजिनिअरांनी एसुस काढली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप आणलं. आज आपल्या कॅबिनेटची भोकं जुळतात ती त्या मापामुळे. २००४ चं कॅबिनेट आणि आजचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड एकमेकांत बसतात, ही गोष्ट आपण गृहीत धरतो, पण मोबाईलच्या जगात असं काही करून दाखवा!

आपल्याकडे हे सगळं जरा उशिरा पोचलं. १९८४ च्या संगणक धोरणाने दार किलकिलं झालं, १९९१ नंतर उघडलं. तरी आयात कर होताच, आणि कर म्हटलं की बिलाशिवायचा माल आलाच. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड (सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव सांगून टॅक्सी मिळत नाही) आधीपासूनच रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार होता. तो आता बोर्ड-रॅमचा झाला. पुण्यात तापकीर गल्ली, दिल्लीत नेहरू प्लेस. भारत १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या जागतिक करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत या वस्तूंवरचा आयात कर शून्यावर आला. घरगुती संगणक आवाक्यात आला तो नेमका याच काळात.

वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, अकोल्यातून फुटून. संगणकाच्या बाबतीत मात्र तो अकोल्याच्याच ताटात जेवत होता. माल मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या टपावरून अकोल्याला यायचा, तिथून वाशिमला. अकोला-वाशिम रेल्वे तेव्हा मीटरगेज होती, ब्रॉडगेज झाली २००८ मध्ये. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली, एमएस-सीआयटी आली आणि तालुक्या-तालुक्याला सेंटरं निघाली. एका खोलीत आठ-दहा मशीन, खिडकीला पडदे, चपला बाहेर. माझ्या मते ग्रामीण महाराष्ट्रात असेंबल्ड संगणकाची लाट आली ती इंटरनेटमुळे नव्हे, एमएस-सीआयटीमुळे. ज्याला सेंटर काढायचं त्याला एकदम दहा मशीन लागत, आणि दहा मशीन म्हणजे प्रत्येक बोर्डामागे वाचलेले हजार रुपये गुणिले दहा. सेंटरात कुठला बोर्ड जाणार हे तिथेच ठरायचं.

आता कात्रीचा पहिला मासला. १९९५ च्या सुमाराला ४८६ च्या बोर्डांवर कॅश मेमरीच्या चिपा असत, त्याने मशीनचा वेग चांगलाच वाढे. कॅश महाग होती. पीसीचिप्स या कंपनीच्या काही बोर्डांवर चक्क प्लॅस्टिकच्या खोट्या चिपा निघाल्या. आत काही नाही, पाय कशालाच जोडलेले नाहीत, वर फक्त छापलेलं: 'राईट बॅक'. बायोसमध्येही फेरफार केलेला, त्यामुळे मशीन सुरू होताना पडद्यावर २५६ केबी कॅश दिसायची. त्यानंतर आले नावांचे खेळ. इंटेलचे चिपसेट होते ४३०व्हीएक्स, ४३०टीएक्स, ४४०बीएक्स. बाजारात आले 'व्हीएक्स प्रो', 'टीएक्स प्रो', 'बीएक्स प्रो'. प्रो म्हणजे इंटेलपेक्षा वरचा असावा असं वाटायचं. प्रत्यक्षात आतली चिप दुसऱ्याच कुणाची, वर फक्त नवं नाव छापलेलं. हे नाव लक्षात ठेवा मंडळी, वीस-पंचवीस वर्षांनी हाच खेळ पुन्हा भेटणार आहे.

दुसरी कात्री मात्र प्रामाणिक होती, आणि तिचं मला कौतुकच वाटतं. १९९९ मध्ये इंटेलचा ८१० चिपसेट आला, त्यात डिस्प्ले कार्ड आतच. साउंडही बोर्डावरच. दोन-तीन हजारांची वेगळी कार्डं वाचली. त्याच वाटेने पुढचे ८४५जीएल, ८६५जीव्ही. त्यांत एजीपी स्लॉटची सोयच नव्हती, पण वाशिमच्या सेंटरात एक्सेल शिकायला एजीपी कुणाला हवा होता? व्हाया, एसआयएस यांचे चिपसेट त्याहून स्वस्त. आपल्याकडे कोबियन कंपनीच्या 'मर्क्युरी' बोर्डांनी या काळात घराघरांत जागा मिळवली. लोक मर्क्युरीला नावं ठेवत, पण ज्या घरात पहिला संगणक आला तो मर्क्युरीमुळे आला, अशी घरं मी बरीच पाहिली आहेत.

आणि ओरिजिनलचा महिमाही जरा तपासून घेऊ. इंटेलचे बोर्ड बरेचसे कंत्राटावर फॉक्सकॉनसारख्या कंपन्यांकडूनच बनायचे. २००५ मध्ये स्वस्त चिपसेटची टंचाई झाली तेव्हा इंटेलने डी१०१जीजीसी नावाचा बोर्ड काढला. खोकं इंटेलचं, वॉरंटी इंटेलची आणि चिपसेट एटीआयचा! म्हणजे इकडे दुकानदार "बोर्ड दुसऱ्याचा, चिपसेट इंटेलचा" विकत होता आणि तिकडे खुद्द इंटेल "बोर्ड इंटेलचा, चिपसेट दुसऱ्याचा" विकत होती. पुढच्याच वर्षी एटीआयला एएमडीने विकत घेतलं, म्हणजे झालं कल्याण. :) तरीही तो बोर्ड चांगला चालायचा. कारण काय, तर विजेचा भाग नीट बांधलेला होता.

इथे आपण मूळ मुद्द्यावर येतो. बोर्ड टिकतो की जातो हे चिपसेट क्वचितच ठरवतो. ते ठरतं प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागात.

२.४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ साधारण ६० वॅट खायचा, आणि तेही दीड व्होल्टवर. भागाकार करा: ४० अँपिअर! घरातला गिझर १० अँपिअरपेक्षा कमी घेतो. एसएमपीएसकडून येतात १२ व्होल्ट. त्याचे दीड व्होल्ट करायचं काम प्रोसेसरच्या शेजारी उभ्या असलेल्या मॉस्फेट, तांब्याच्या तारेची वेटोळी आणि कपॅसिटर या तिघांचं. मॉस्फेट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, वेटोळं तो धक्का सावरतं आणि कपॅसिटर उरलेली लाट सपाट करतात. कपॅसिटर दमला की लाट प्रोसेसरपर्यंत जाते. मग मशीन हँग होतं, आपोआप रिस्टार्ट होतं, विंडोज पुन्हा टाकली तरी सुधारत नाही. २००३-०४ मध्ये "व्हायरस असेल" म्हणून किती मशीन उगाच फॉरमॅट झाली असतील देव जाणे.

आणि नेमके याच काळात कपॅसिटर मरायला लागले, जगभर.

या साथीची गोष्ट अशी सांगतात. स्वस्त आणि चांगले कपॅसिटर बनवायचे तर आतल्या द्रवात पाण्याचं प्रमाण जास्त ठेवावं लागतं. पण पाणी ॲल्युमिनियमला खातं, म्हणून त्यात काही रसायनं घालून ते थोपवतात. जपानच्या रुबिकॉन कंपनीतला एक शास्त्रज्ञ चीनमधल्या कंपनीत गेला, तिथून त्याच्या हाताखालच्या लोकांनी द्रवाचा फॉर्म्युला तैवानला नेला, पण अर्धवटच. म्हणजे लोणच्याची कृती चोरली, पण मीठ किती ते लिहून घ्यायचं राहिलं. द्रवातून हायड्रोजन सुटू लागला आणि कपॅसिटरची डोकी फुगली. ही चोरी कोर्टात कधी सिद्ध झाली नाही, पण सदोष माल बाजारात आला होता हे खरंच. २००२-०३ मध्ये व्यावसायिक मासिकांतून याला वाचा फुटली. ॲबिट या बोर्ड कंपनीने आपल्याकडे खराब कपॅसिटर आल्याचं उघड मान्य केलं, बाकीच्या बहुतेक गप्प बसल्या.

यात गरिबांचेच बोर्ड गेले असं मात्र नाही. मे २००३ ते जुलै २००५ या काळात डेलने किमान १ कोटी १८ लाख संगणक असे विकले की ज्यांना हा धोका होता, आणि २००५ मध्ये दुरुस्तीपोटी ३० कोटी डॉलरची तरतूद केली. त्यातले कितीतरी कपॅसिटर निचिकॉन या नामवंत जपानी कंपनीचे होते, त्यांचा दोष वेगळा होता. तेव्हा "जपानी कपॅसिटर बघून घ्या" हा सल्लासुद्धा त्या काळी पूर्ण खरा नव्हता.

आता ही साथ विदर्भात आणून बघा. कपॅसिटरचा एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. मुंबईच्या एसी ऑफिसात २५ अंश. मे महिन्यात आमच्याकडे टिनाखालच्या खोलीत ४२ सहज. फरक १७ अंशांचा, म्हणजे आयुष्य तिपटीहून कमी. जो बोर्ड ऑफिसात सहा वर्षं ओढेल, तो त्या खोलीत दोन वर्षांतच हात टेकेल. त्यात सोयाबीन काढणीच्या दिवसांत जो बारीक भुसा उडतो तो प्रोसेसरच्या पंख्याखाली जाऊन गादीसारखा बसतो, ते वेगळंच.

आणि लाईट! २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण भागात दहा-बारा तास लोडशेडिंग असायचं. लाईट जाण्याने बोर्ड मरत नाही, येण्याने मरतो. सगळ्या गावाचे पंखे, मोटारी, फ्रीज एकदम चालू, डीपीवर ओढाताण, व्होल्टेज खाली-वर. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत संध्याकाळी बल्ब लालसर व्हायचा. एसएमपीएसने असे झटके गिळावेत अशी अपेक्षा असते. पुरवठा तुटला तर चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, तेवढ्यात यूपीएस काम हातात घेतो. पण कोटेशनमधल्या कॅबिनेटबरोबर "फ्री" आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस? त्याच्या वजनावरूनच कळायचं. आत फिल्टरचे भाग बसवायच्या जागा रिकाम्या, त्यांऐवजी तारेचे तुकडे टाकलेले. कपॅसिटर अर्ध्या आकाराचे. बोर्डाचा खून बहुतेक वेळा याने केला आणि नाव बोर्डावर आलं.

अर्थिंगचंही तेच. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, हे किती घरांत "थोडं करंट मारतं, काही नाही" म्हणून सोडून देतात. सॉकेटच्या तिसऱ्या भोकात तारच नसते. एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर अर्धं व्होल्टेज तरंगत राहतं, त्याच्या त्या मुंग्या. आणि पावसाळ्यात वीज चमकली की टेलिफोनच्या तारेतून मोडेम आणि मोडेमबरोबर बोर्ड. वाशिमच्या दुकानांत जुलै-ऑगस्टमध्ये मेलेल्या बोर्डांची चळत लागायची.

या चळतीतूनच एक धंदा उभा राहिला, त्याच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं. "चिप लेव्हल रिपेअरिंग" अशा पाट्या अकोल्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत लागल्या. फुगलेले कपॅसिटर काढायचे, त्याच मापाचे नवे लावायचे. भांडवल म्हणजे एक चांगला सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप आणि मल्टिमीटर. पाच-दहा रुपयांचे कपॅसिटर, मजुरीचे दीड-दोनशे, आणि चार हजारांचा बोर्ड पुन्हा चालू. कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात हे शिकवत नव्हते. बारावी झालेली, आयटीआय केलेली पोरं हे करत होती. त्यांच्याकडे कुठला बोर्ड टिकतो याची जी माहिती होती ती कुठल्याही मासिकात नव्हती.

२००६-०७ पासून चित्र बदललं. द्रवाऐवजी घन पॉलिमरचे कपॅसिटर आले, चपट्या डोक्याचे, प्लॅस्टिकचं वेष्टण नसलेले. गिगाबाइटने त्याचीच जाहिरात केली, मग सगळ्यांनी. फुगण्याचा प्रश्न बराचसा मिटला. २०११ च्या सुमाराला 'संग्राम' प्रकल्पात ग्रामपंचायतींत संगणक आले, गावोगाव सेवा केंद्रं निघाली, आणि घरोघरी दुसऱ्या पिढीचे आय३ शिरले. मग जानेवारी २०१३ मध्ये इंटेलने जाहीर केलं की आपण डेस्कटॉपचे बोर्ड बनवणं बंद करतोय. ओरिजिनल आणि चिपसेट हा वाद तिथे संपला. ओरिजिनलच उरला नाही.

आता तो फोन. रिठदहून पुतण्याचा.

"काका, डिस्प्लेच येत नाही. दुकानवाला म्हंते का बोर्ड गेला. तीन हजारात नवा टाकून देतो म्हंते."

मशीन २०१२ चं. आय३-२१००, इंटेलचाच डीएच६१डब्ल्यूडब्ल्यू बोर्ड, ४ जीबी रॅम. म्हणजे चौदा वर्षं झाली, निवृत्तीच्या वयाला आलेलं. पण त्याच्यावर घरातली दोन पोरं शिकतात, आणि पीकविमा, शिष्यवृत्ती, सातबारा असे फॉर्म तो स्वतः भरतो, शेजाऱ्यांचेही भरून देतो. नवं मशीन म्हणजे वीस-पंचवीस हजार. सोयाबीनचा भाव काय चाललाय हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा तीन हजार घालायचे की नाही, हा प्रश्न त्याच्यासाठी हौसेचा नव्हता.

पहिली गोष्ट म्हणजे "नवा" एच६१ म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. एच६१ हा चिपसेट २०११ चा. इंटेलने तो बनवणं केव्हाच थांबवलं. मोठ्या कंपन्यांनीही त्याचे बोर्ड बंद केले. मग आज दुकानात खोकंबंद, चकचकीत, नव्या नावाचा एच६१ येतो कुठून? चीनमधून. जगभरातून भंगारात गेलेल्या ऑफिसच्या मशीनमधून चिपसेट उपटतात, साफ करतात, त्याला नव्या गोळ्या लावतात आणि नव्याने छापलेल्या बोर्डावर बसवतात. पाटी नवी, मेंदू जुना. वर एनव्हीएमईचा स्लॉटही देतात, जो २०११ च्या बोर्डांवर नसायचा.

मला यात पाप दिसत नाही. उलट चालू चिप भट्टीत जाण्यापेक्षा पुन्हा वापरात आली हे चांगलंच. पण कात्री कुठे लागली ते बघा. प्रोसेसरच्या बाजूला मॉस्फेट मोजके आणि त्यांच्यावर हीटसिंक नाही. बायोस कुणीतरी एकदा बनवून टाकलेला, त्याला पुढे कधी अपडेट नाही. बनवणाऱ्याचा पत्ता नाही. वॉरंटी दुकानदाराच्या तोंडी. आणि नावांचा खेळ तोच जुना. यांच्याच मोठ्या भावंडांत, 'एक्स७९' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चिनी बोर्डांवर एक्स७९ चिपसेट नसतोच, त्याच्या जागी बी७५ किंवा एच६१ सापडतो. टीएक्स प्रोची आठवण झाली ना?

पुतण्याला मी आधी बोर्ड सोडून बाकी सगळं तपासायला लावलं. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी पाय खोडरबराने पुसायचे, एकेक पट्टी लावून बघायची. बोर्डावरचा बटणासारखा सेल, सीआर२०३२, तीसेक रुपयांना मिळतो, तो बदलायचा. आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याच्या चालू मशीनचा एसएमपीएस लावून बघायचा. हे न करता "बोर्ड गेला" म्हणणाऱ्या दुकानदारावर माझा विश्वास बसत नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. एसएमपीएस बदलूनही डिस्प्ले आला नाही. प्रोसेसर शेजाऱ्याच्या बोर्डावर चालला. म्हणजे बोर्डच गेला होता.

मग उरले तीन रस्ते. एक, दुकानदाराचा तीन हजारांचा चिनी बोर्ड. दोन, जुना पण नामवंत कंपनीचा एच६१ किंवा बी७५, कुणाच्या तरी बंद मशीनमधून काढलेला, एसुस, गिगाबाइट किंवा इंटेलचा. तीन, ऑफिसातून निघालेलं एचपी-डेल-लेनोव्होचं अख्खं मशीन. तिसरा रस्ता बहुतेक ठिकाणी सगळ्यात शहाणपणाचा असतो, कारण त्यांच्या बोर्डांवरचा विजेचा भाग आणि एसएमपीएस दोन्ही बरे असतात. मात्र त्यांचा नुसता बोर्ड काढून आणू नये. अनेक मॉडेलांत वीज घ्यायचा कनेक्टर नेहमीचा २४ पिनांचा नसतो आणि पुढच्या बटणाच्या तारांची मांडणीही वेगळी असते. घरच्या कॅबिनेटमध्ये तो बसवायला गेलात की ॲडॅप्टरच्या शोधात आणखी पाचशे जातात.

पुतण्याचं बजेट तीन हजारांच्या आतच होतं, त्यामुळे दुसरा रस्ता. अकोल्याला एका दुरुस्तीवाल्याकडे जुना गिगाबाइट मिळाला, बावीसशेत, एक महिना बदलून देण्याच्या बोलीवर. घेताना काय बघायचं ते मी फोनवर सांगितलं होतं: सॉकेटमधल्या पिना. एलजीए११५५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात, केसाएवढ्या. एक वाकली तरी रॅमचा एक स्लॉट मरतो. म्हणून मोबाईलच्या टॉर्चने तिरपा उजेड टाकून रांगा सरळ दिसतात का बघायचं. दोन्ही स्लॉटमध्ये रॅम घालून, दोन्ही दिसते का ते बायोसमध्ये पाहायचं. सगळे साटा आणि यूएसबी एकदा चालवून बघायचे. चिपसेटभोवती गोंद किंवा तपकिरी डाग दिसला तर हीट दिलेली असते, असा बोर्ड ठेवून द्यायचा. आणि तिथेच अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवायचा, कारण गरम झाल्यावर जे मरतं ते थंड असताना कळत नाही.

वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून त्याने चांगल्या कंपनीचा एसएमपीएस घेतला. माझ्या मते बोर्डापेक्षा हाच खर्च महत्त्वाचा. दुकानदाराने कपाळावर आठ्या घातल्या म्हणे, "जुन्या मशीनला एवढा महाग?" घातल्या तर घातल्या. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगचा खड्डाही करून घेतला, मीठ-कोळसा घालून. मुंग्या थांबल्या.

विंडोजचं काय, हा प्रश्न होताच. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या प्रोसेसरला रीतसर चालत नाही. म्हणून लिनक्स मिंट टाकलं. एच६१ च्या साटाचा वेग ३ गिगाबिटच, पण जुन्या हार्डडिस्कच्या जागी लहानशी एसएसडी लावल्यावर पोरांना मशीन नवंच वाटलं. फॉर्म ब्राउझरमध्येच भरायचे असतात, ते भरले जातात. प्रिंटर मात्र पहिल्या दिवशी लागला नाही. पुढच्या रविवारी मी इकडून पडदा बघत बघत त्याचा ड्रायव्हर लावून दिला, त्यात तीन तास गेले आणि मधे दोनदा लाईट गेली.